फूल सुटण्याआधी

टेबल टेनिसच्या बॅटची एक बाजू काळी आणि दुसरी लाल असते, त्याच्यामागे एक जुनं भांडण आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस काही खेळाडूंनी, त्यातही चिनी खेळाडूंनी, बॅटच्या दोन बाजूंना दोन स्वभावांची रबरं चिकटवायला सुरुवात केली. एक रबर चेंडूला धरून ठेवणारं, भरपूर फिरकी देणारं. दुसरं घसरडं, आलेल्या फिरकीला दाद न देणारं. रंग मात्र दोन्हींचा एकच. रॅली चालू असताना बोटांत बॅट गर्रकन फिरवायची आणि मघाच्याच हालचालीने चेंडू परतवायचा. समोरच्याला हात दिसतो, बॅट दिसते, चेंडूही दिसतो. रबर कुठलं लागलं तेवढंच कळत नाही. तो आपल्या अंदाजाने बॅट लावतो आणि चेंडू जाळीत तरी जातो, नाहीतर टेबलाबाहेर.

मग खेळाडूंनी कान लावले. दोन रबरांवर चेंडू आदळल्याचा आवाज वेगवेगळा येतो, त्यावरून ओळखता यायचं. त्यावरही शक्कल निघाली. सर्व्हिस करताना चेंडू बॅटला लागण्याच्या नेमक्या क्षणी पाय जमिनीवर दाणकन आपटायचा, म्हणजे तो आवाज त्यात बुडून जातो. शेवटी आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाला मध्ये पडावं लागलं. १९८३ मध्ये दोन बाजूंचे रंग वेगळे हवेत असा नियम आला, आणि १९८६ पासून ते रंग लाल आणि काळा असे ठरून गेले. पाय आपटणंही नियमाच्या कचाट्यात सापडलं. २००२ मध्ये आणखी एक नियम झाला: सर्व्हिस करताना चेंडू हाताआड किंवा अंगाआड लपवायचा नाही. २०२१ पासून लालऐवजी निळा, हिरवा, गुलाबी किंवा जांभळा रंग चालतो, पण दुसरी बाजू काळीच.

वेटलिफ्टिंगमध्ये असले नियम करायची वेळ कधी आली नसती. समोरच्या खेळाडूला कितपत माहिती मिळायला हवी, याचे हे नियम आहेत. आणि रंग दिसायला लागले तरी भांडण मिटलेलं नाही. आपली मनिका बत्रा बॅकहँडला लांब पिंपलचं, म्हणजे लांब दाण्यांचं रबर लावते आणि खेळता खेळता बॅट फिरवते. २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने एकेरीचं सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा तिच्या प्रतिस्पर्ध्यांना तिच्या बॅटचे दोन्ही रंग स्वच्छ दिसत होतेच. पण रंग दिसणं, त्याचा अर्थ लावणं आणि त्याप्रमाणे हाताचा कोन बदलणं या सगळ्याला वेळ लागतो, आणि रॅकेटच्या खेळांत नेमका तोच नसतो.

किती नसतो, त्याचा हिशेब मांडून बघू. टेनिसमध्ये ताशी २०० किलोमीटरची सर्व्हिस म्हणजे सेकंदाला साधारण ५५ मीटर. २३.७७ मीटर लांबीचं कोर्ट या वेगाने ०.४३ सेकंदात संपतं. हवेच्या विरोधाने आणि टप्प्याने चेंडू मंदावतो, म्हणून अर्धा सेकंद धरू. दिवा लागताच बटण दाबायला निरोगी तरुण माणसाला सुमारे ०.२ सेकंद लागतात, तेही एकच दिवा आणि एकच बटण असेल तर. बटणं वाढली की वेळ वाढतो. फ्रान्सिस्कस डोंडर्स या डच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच हे मोजून दाखवलं होतं, आणि पर्यायांच्या संख्येबरोबर हा वेळ कसा वाढत जातो याचं गणित विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये मांडलं. टेनिसमध्ये पर्याय फोरहँड की बॅकहँड इथूनच सुरू होतात. निर्णय झाला की दोन पावलं टाकायची, खांदा वळवायचा, रॅकेट मागे न्यायची, पुढे आणायची. टेबल टेनिसमध्ये तर विचारूच नका. चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने आला, तर २.७४ मीटरचं टेबल तो ०.१४ सेकंदात पार करतो. बघून, ठरवून, मग हलायचं म्हटलं तर तोवर चेंडू मागच्या भिंतीपाशी असतो.

बॅडमिंटनचं गणित आणखी चमत्कारिक आहे, कारण शटल, म्हणजे आपल्या कोर्टावरचं फूल, चेंडूसारखं वागतच नाही. १६ पिसांचं, पाच ग्रॅमच्या आसपास वजनाचं हे प्रकरण रॅकेटवरून सुटताना भयंकर वेगात असतं. सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या ताशी ५६५ किलोमीटरच्या स्मॅशची २०२३ मध्ये गिनेस विक्रमांत नोंद झाली. पण तो वेग सुटतानाचा. पिसांच्या घेरामुळे फूल हवेत इतकं अडतं, की समोर पोचेपर्यंत बराचसा वेग गळून गेलेला असतो. उंचावरून नुसतं सोडलं तर ते सेकंदाला सातेक मीटरच्या वर जातच नाही. म्हणजे एकाच उंचावलेल्या हातातून विक्रमी स्मॅशही निघू शकतो आणि जाळीपलीकडे अलगद कोसळणारा ड्रॉपही. स्मॅशसाठी मागे थांबावं तर ड्रॉपला पोचता येत नाही, ड्रॉपसाठी पुढे झुकावं तर स्मॅश छातीवर येतो. १३.४ मीटर लांबीच्या कोर्टाचा आपला अर्धा भाग या एका प्रश्नाने फार मोठा होऊन जातो.

तरीही चांगले खेळाडू वेळेवर पोचतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की त्यांच्याकडे वेळच वेळ आहे. कारण साधं आहे: ते आधी निघालेले असतात.

ब्रूस ॲबरनेथी आणि डेव्हिड रसेल यांनी १९८७ मध्ये बॅडमिंटनवर काही प्रयोग प्रसिद्ध केले. आजही या विषयात कुणी काही म्हणायला लागलं की गाडी तिथे येतेच. समोरच्या खेळाडूच्या जागेवरून फटक्यांचं चित्रीकरण करायचं आणि ते वेगवेगळ्या क्षणी तोडायचं: कधी फूल लागण्याच्या बरंच आधी, कधी जरासं आधी, कधी नेमकं लागताना, कधी लागल्यानंतर. पडदा काळा झाला की बघणाऱ्याने सांगायचं, फूल कुठे पडेल? निष्णात खेळाडू फूल लागायच्या आधीच नवख्यांपेक्षा बरा अंदाज देत होते. मग दुसरी गंमत केली. चित्रातला काही भाग झाकला: कधी रॅकेट, कधी रॅकेट आणि हात दोन्ही. नवखे फक्त रॅकेट बघून काय ते ठरवत होते. निष्णातांना रॅकेटच्याही आधी हालणाऱ्या दंडातून आणि कोपरातून काहीतरी कळत होतं. फटका पायापासून सुरू होऊन कंबर, खांदा, कोपर असा वर चढत शेवटी रॅकेटपर्यंत पोचतो. जो हा प्रवास लवकर पकडतो, त्याला बातमी आधी मिळते.

यात मला सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच वाटते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुसऱ्या निबंधात खेळाडूंच्या नजरेचा माग घेतला होता. निष्णात आणि नवखे जवळपास एकाच ठिकाणी बघत होते! डोळे तेच, जागा तीच, मिळणारी माहिती निराळी. जिन्यावरची पावलं घरातल्या प्रत्येकाच्या कानावर पडतात, पण 'बाबा आले' हे त्यातल्या ज्याला सवय आहे त्यालाच कळतं, तसं हे आहे. 'कुठे बघायचं' हे शिकवून काम भागत नाही, ते यामुळे.

अशा खुणा ओळखण्याचा सगळ्यात मासलेवाईक किस्सा आंद्रे अगासीने सांगितलेला आहे. बोरिस बेकरच्या सर्व्हिसपुढे तो पहिल्या तीनही सामन्यांत हरला होता. मग बेकरच्या सामन्यांच्या चित्रफिती बघता बघता त्याच्या ध्यानात आलं, की चेंडू उडवण्याआधी बेकर जीभ बाहेर काढतो, आणि जीभ ओठांच्या मधोमध आहे की कोपऱ्यात, यावरून सर्व्हिस कुठे जाणार ते समजतं. पुढच्या अकरा सामन्यांपैकी दहा अगासीने जिंकले. अगासीच्या म्हणण्याप्रमाणे खरी अडचण सर्व्हिस ओळखण्यात नव्हती. आपल्याला कळतं आहे हे बेकरला कळू न देण्यात होती. म्हणून ही माहिती तो अटीतटीच्या गुणांपुरतीच वापरायचा. निवृत्तीनंतर त्याने हे गुपित बेकरला सांगितलं, तेव्हा बेकर खुर्चीवरून पडायचाच बाकी होता म्हणे.

आता डोळ्यांबद्दल. 'चेंडूवरची नजर हटवू नकोस' हे वाक्य जगातल्या प्रत्येक प्रशिक्षकाने उच्चारलेलं आहे, आणि ते अक्षरशः पाळणं कुणालाच शक्य नाही. डोळ्याच्या पडद्यावर स्पष्ट दिसणारा भाग अगदी छोटा असतो. हलत्या वस्तूवर तो भाग रोखून ठेवायला डोळा सरकत राहतो, पण त्याच्या सरकण्याला मर्यादा आहे. लांबून येणारा चेंडू त्याला झेपतो; जवळ आलेला चेंडू कोनाच्या हिशेबात इतका भरभर सरकतो की डोळा मागे पडतो. मग डोळा पाठलाग सोडून पुढे उडी मारतो आणि चेंडू जिथे येणार तिथे जाऊन थांबतो. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड यांनी २००० साली क्रिकेटच्या फलंदाजांच्या डोळ्यांवर कॅमेरे लावून हे दाखवलं: चेंडू सुटताना नजर त्याच्यावर, मग ती उडी मारून टप्प्याच्या अपेक्षित जागेवर, आणि टप्प्यानंतर पुन्हा थोडा वेळ चेंडूवर. चांगला फलंदाज ही उडी लवकर मारत होता. टेबल टेनिसवरच्या अभ्यासांतही खेळाडू चेंडूला शेवटपर्यंत डोळ्यांनी धरून ठेवत नाहीत असंच दिसलं आहे. फेडररचे फोटो आठवून पाहा. चेंडू तारांवर आहे आणि फेडररचं तोंड, डोळे, मान सगळं त्या जागेकडे वळून थिजलेलं आहे; चेंडू निघून गेला तरी मान तिथेच. डोकं हललं की डोळ्यांचा हिशेब बिघडतो, ते टाळायचं असतं.

म्हणून जाहिरातींतल्या 'व्हिजन ट्रेनिंग'कडे मी जरा संशयाने बघतो. लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या पाट्या, पडद्यावर पळणारे ठिपके, उघडझाप करणारे चष्मे. हे सगळं महाग असतं आणि पालकांवर त्याची छाप पडते. ॲबरनेथी आणि जोआन वुड यांनी २००१ मध्ये याची परीक्षा घेतली. नवख्यांचे गट केले. दोन गटांना डोळ्यांच्या व्यायामाचे बाजारातले कार्यक्रम दिले, एका गटाला टेनिसविषयी वाचायला आणि सामने बघायला लावलं, आणि एका गटाला यातलं काहीच नाही. शेवटी डोळ्यांचे व्यायाम केलेले लोक टेनिसच्या फटक्यात इतरांपेक्षा वरचढ ठरले नाहीत. चाचणीची सवय झाल्याने जी काय सुधारणा होते, तेवढीच सगळ्यांत झाली. मुलाला लांबचं अंधुक दिसत असेल तर त्याला चष्मा लावलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण दिव्यावर झटपट हात मारायला शिकलेलं मूल दिव्यावर हात मारण्यात पटाईत होतं, इतकंच. दिव्याला ना कोपर असतं, ना खांदा.

उलट पुरावा हवा असेल तर आपल्या कुठल्याही जिमखान्यात सकाळी सहा वाजता जा. साठी ओलांडलेले, गुडघ्यांना पट्टे बांधलेले एक काका कोर्टाच्या मधोमध उभे असतात आणि कॉलेजातल्या दोन पोरांना घामाघूम करत असतात. बटण दाबायच्या चाचणीत ती पोरं काकांना सहज हरवतील. वयाबरोबर प्रतिसादाचा वेळ वाढतो हे शास्त्रीय सत्य आहे, काकांनाही त्यातून सूट नाही. पण पोरगं फूल मारायला हात उचलतं तेव्हाच काकांचं पहिलं पाऊल पडलेलं असतं. शिवाय त्यांनी आधीचा फटका असा दिलेला असतो, की पोराला परत मारायला जागाच दोन उरतात. हिक यांच्या भाषेत सांगायचं तर काकांनी आपल्यासाठीचे पर्याय कमी करून घेतले आहेत.

डोळे आणि हात यांचं नातं एका विलक्षण रुग्णामुळे अधिक स्पष्ट झालं. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने मेंदूचा काही भाग निकामी झालेली एक तरुण स्त्री मेल्विन गुडेल आणि डेव्हिड मिल्नर यांनी तपासली. त्याचा वृत्तांत १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्यासमोर एक गोल तबकडी ठेवली होती, तिला पत्रपेटीसारखी फट. फट उभी आहे, आडवी आहे की तिरकी, हे तिला सांगता येत नव्हतं. हातातलं कार्ड त्या कोनात नुसतं धरून दाखव म्हटलं तरी चुकायची. पण 'कार्ड आत टाक' म्हटल्यावर हात पुढे जाता जाता बरोब्बर वळायचा आणि कार्ड आत जायचं. वस्तू ओळखण्यासाठी बघणं आणि हात चालवण्यासाठी बघणं, या कामांसाठी मेंदूत बऱ्याच अंशी वेगळे मार्ग आहेत, असा निष्कर्ष त्यातून निघाला. फटका कसा मारलास असं चांगल्या खेळाडूला विचारलं तर तो अनेकदा चुकीचं किंवा गुळमुळीत उत्तर देतो. तो काही लपवत नसतो. हाताला जे दिसलं ते तोंडापर्यंत पोचलेलंच नसतं.

यातून प्रशिक्षणातला एक मोठा गैरसमज जन्माला आला आहे. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये दर दहा मिनिटांनी 'अरे, मनगट मार, मनगट!' अशी आरोळी ऐकू येते. जोरदार स्मॅश मारणारे खेळाडूही छातीठोकपणे सांगतात की सगळी जादू मनगटाच्या झटक्यात आहे. बार्बरा गोवित्स्की आणि डेव्हिड वॉडेल या कॅनडातल्या अभ्यासकांनी १९७०च्या दशकापासून वेगवान चित्रीकरणाच्या फिल्मा तपासून वेगळंच दाखवलं: वेग येतो तो मुख्यतः दंड खांद्यात आतल्या बाजूला फिरल्याने आणि कोपराखालचा हात स्वतःभोवती फिरल्याने. आपण कुलुपात किल्ली फिरवतो तेव्हा हात जसा फिरतो, तसा. मनगट पुढे वाकत नाही असं नाही, पण नायक ते नव्हे. नुसतं मनगट मोडून मारणाऱ्या मुलाचा स्मॅश जाळीत जातो आणि वर्षभराने मनगट दुखायला लागतं, ते वेगळंच.

आणि पकड. नवखा खेळाडू रॅकेट पूर्णवेळ आवळून धरतो. जाणता खेळाडू ती इतकी सैल धरतो की कुणीही काढून घेईल, आणि बोटं आवळली जातात ती फूल लागण्याच्या क्षणीच. आवळलेल्या हातातले स्नायू एकमेकांविरुद्ध ओढत राहतात, हात जड होतो आणि शिवाय बहिरा होतो. स्नायूंत आणि स्नायुबंधांत ताण मोजणारी सूक्ष्म इंद्रियं असतात. हात कुठे आहे, किती वळला आहे, हे डोळे मिटूनही कळतं ते त्यांच्यामुळे. जाळीजवळ फूल नुसतं वळवून टाकायचं असतं, तेव्हा मदार असते ती या जाणिवेवर आणि बोटांच्या कातडीवर. अत्सुशी इरिकी आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये जपानी माकडांना लांब दाताळ्याने खाऊ ओढायला शिकवलं, तेव्हा हाताजवळच्या वस्तूंची दखल घेणाऱ्या मेंदूतल्या पेशी दाताळ्याच्या टोकाजवळच्या वस्तूंचीही दखल घेऊ लागल्या. खेळाडूला रॅकेटचं टोक आपलंच बोट वाटतं, ही नुसती बोलण्याची पद्धत नाही.

सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांचा विचार मी इथे नेहमी करतो. ते आधी टेनिस खेळायचे, आणि साधेसुधे नाही: कनिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत गेले आणि रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले. मग बॅडमिंटनकडे वळले, आणि १९५६ मध्ये मलायात सेलांगोरची स्पर्धा जिंकून परदेशात आंतरराष्ट्रीय किताब मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू झाले. टेनिसची रॅकेट जड, चेंडू जड, हात बराचसा अखंड फिरवायचा. बॅडमिंटनमध्ये सगळं हलकं आणि कोपराखालून. एका खेळाची सवय दुसऱ्यात आडवी यायला हवी होती. ती आली नाही, आणि लोक तर त्यांच्या हातातल्या नजाकतीचीच आठवण काढत राहिले. समोरच्याचं अंग वाचणं आणि जागा हेरणं या गोष्टी त्यांनी टेनिसमधून बरोबर आणल्या असाव्यात, असं मला वाटतं.

सरावाने हालचाल 'पक्की' होते असं आपण म्हणतो, पण पक्की म्हणजे दर वेळी तंतोतंत तशीच, असं नाही. निकोलाय बर्नस्टाइन या रशियन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात मॉस्कोत कुशल कामगारांच्या घणाचे घाव चित्रित केले. घण दर वेळी छिन्नीवर बरोबर पडत होता, पण खांदा आणि कोपर यांचे मार्ग प्रत्येक घावाला थोडे वेगळे. एक सांधा चुकला की दुसरा सावरून घेत होता. टेबल टेनिसमध्येही हेच आढळलं. बूट्स्मा आणि फान विरिंगन या डच संशोधकांनी १९९० मध्ये कसलेल्या खेळाडूंचे फोरहँड ड्राइव्ह मोजले. फटका सुरू करण्याच्या वेळेत बऱ्यापैकी फरक होता. चेंडू लागण्याच्या क्षणी मात्र तो फरक आक्रसून मोजक्या मिलिसेकंदांवर आला. म्हणजे फटका सुटल्यावरही डोळे हाताला दुरुस्त्या पुरवत होते. आधी बघणं आणि मग करणं अशी दोन खाती यात नाहीतच.

पायांचंही तसंच. समोरचा मारणार तेवढ्यात चांगला खेळाडू एक छोटीशी उडी मारतो, तिला स्प्लिट स्टेप म्हणतात. टीव्हीवर ती दिसत असूनही दिसत नाही. तो जमिनीवर उतरतो तेव्हा पोटऱ्यांचे आणि मांड्यांचे स्नायू ताणले जातात, आणि ताणलेला स्नायू परत आवळताना जास्त जोर देतो. उतरायची वेळ साधली तर पहिलं पाऊल फुकटात पडतं. लवकर उतरलं तर तो ताण वाया जातो, उशीर झाला तर खेळाडू हवेत आणि फूल जमिनीवर.

आता फसवणाऱ्याच्या बाजूने बघू. वाचणारा खांदा-कोपर वाचतो, तर लिहिणाऱ्याने खोटं लिहावं. तैवानच्या ताय त्झू-यिंगने हेच करून वर्षानुवर्षं जगातल्या उत्तमोत्तम खेळाडूंना, आपल्या सिंधूलाही, चुकीच्या पायावर पकडलं. हात शेवटपर्यंत एकच गोष्ट सांगतो आणि बोटं शेवटच्या क्षणी दुसरं करतात. गंमत अशी, की अशा फसवणुकीला अगदी नवखा कधीकधी कमी बळी पडतो, कारण त्याने खांदा वाचलेलाच नसतो.

डावखुऱ्यांना असली हुन्नर नसली तरी थोडा फायदा आपोआप मिळतो. नॉर्बर्ट हागेमान यांनी २००९ मध्ये टेनिसच्या चित्रफिती दाखवून तपासलं, तर डावखुऱ्याच्या फटक्याची दिशा ओळखणं लोकांना उजव्याच्या फटक्यापेक्षा कठीण गेलं. आपली वाचण्याची सवय उजव्या हातांवर पोसलेली असते. रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात सिंधूसमोर उभी असलेली कॅरोलिना मरिन डावखुरी होती. तेवढ्यामुळे सुवर्ण हुकलं असं कुणी म्हणणार नाही, पण वरच्या पातळीवर डावखुऱ्यांविरुद्धचा सराव मुद्दाम आखतात तो उगाच नाही.

आवाजाचं प्रकरण टेनिसमध्येही आहे. मोनिका सेलेसच्या फटक्यागणिक निघणाऱ्या हुंकारावर १९९२च्या विम्बल्डनमध्ये मार्टिना नवरातिलोवाने तक्रार केली होती. पुष्कळांना तो रडीचा डाव वाटला. २०१० मध्ये स्कॉट सिनेट आणि ॲलन किंगस्टोन यांनी टेनिसच्या चित्रफितींवर फटक्याच्या क्षणी मोठा आवाज घातला, तेव्हा चेंडू कुठल्या बाजूला जाणार हे सांगायला बघणाऱ्यांना २१ ते ३३ मिलिसेकंद जास्त लागले आणि चुकाही वाढल्या. पाय आपटून रबराचा आवाज बुडवणारे टेबल टेनिसवाले आणि हुंकारणारे टेनिसवाले यांच्यात फरक हेतूचा असेल. समोरच्याच्या कानावर परिणाम तोच.

मग हे वाचणं शिकवायचं कसं? इथे आपल्या पद्धतीत सुधारणेला भरपूर वाव आहे. आपल्याकडे फीडर उभा राहून एकाच जागी शंभर फुलं टाकतो आणि मुलगा शंभर स्मॅश मारतो. सगळ्यांना बरं वाटतं, कारण पन्नासाव्या फुलापर्यंत स्मॅश झकास बसायला लागतो. सिना गूड आणि रिचर्ड मॅगिल यांनी १९८६ मध्ये बॅडमिंटनच्या तीन सर्व्हिस, म्हणजे आखूड, लांब आणि ड्राइव्ह, नवख्या तरुणींना तीन आठवडे शिकवल्या. एका गटाने दिवसाला एकच सर्व्हिस घोटली. दुसऱ्याने ठरलेल्या क्रमाने आलटून पालटून मारल्या. तिसऱ्याला पुढची सर्व्हिस कुठली हे आधी माहीत नसायचं. नंतर घेतलेल्या चाचणीत, आणि विशेषतः कोर्टाच्या दुसऱ्या बाजूने सर्व्हिस करायला लावल्यावर, हा तिसरा गट सरस ठरला. एकच गोष्ट घोटणाऱ्याला प्रत्येक वेळी नव्याने ठरवावं लागत नाही, आणि सामन्यात तर दर फटक्याला ठरवावंच लागतं. शंभर सारख्या फुलांच्या सरावात दुसरीही उणीव आहे: फीडर हाताने फूल फेकतो तेव्हा वाचायला समोर रॅकेट नसते, खांदा नसतो. मुलगा हात शिकतो, वाचायला शिकत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत टेनिसने शहाणपणा दाखवला. २०१२ पासून १० वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू चालत नाही. लाल, नारिंगी, हिरवे असे हळू चेंडू वापरायचे. चेंडू सावकाश आला की मुलाला समोरच्याकडे बघायला सवड मिळते, नाहीतर सगळा वेळ जीव वाचवण्यात जातो.

डेमियन फॅरो आणि ॲबरनेथी यांनी २००२ मध्ये तरुण टेनिसपटूंना सर्व्हिसच्या तोडलेल्या चित्रफिती दाखवल्या. एका गटाला खांदा बघा, चेंडूची फेक बघा असं समजावून सांगितलं. दुसऱ्याला दिशेबद्दल चकार शब्द न काढता फक्त सर्व्हिसचा वेग ओळखायला लावला. दिशेच्या अंदाजात सुधारणा दिसली ती या दुसऱ्या गटात. मात्र मध्ये महिनाभर सराव नसताना ती टिकली नाही.

एवढ्यासाठी आज प्रयोगशाळा लागत नाही, फोन पुरतो. फटका लागायच्या आधी चित्र थांबवायचं, मुलांना जागा ओळखायला लावायची, मग पुढे सोडायचं. फक्त चित्रीकरण गॅलरीतून करू नये. टीव्हीवरचे सामने उंचावरून, मागच्या बाजूने दिसतात आणि तिथून बसल्या बसल्या सगळंच सोपं वाटतं. फोन सर्व्हिस घेणाऱ्याच्या जागेवर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला लावायचा, आणि गावात एखादी डावखुरी मुलगी खेळत असेल तर तिची सर्व्हिस आधी टिपून घ्यायची.